गाळणं सोपं, परत घेणं अवघड

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

लहानपणी माझ्याकडे घरातलं एक काम होतं आणि त्याची मला फार लाज वाटायची. दादीला बरं नसलं की तिच्या सकाळच्या पहिल्या लघवीची बाटली फडक्यात गुंडाळून हकीमसाहेबांकडे पोचवायची. वाटेत शाळेतलं कुणी भेटू नये म्हणून मी गल्लीबोळातून जायचो. हकीमसाहेब ती बाटली खिडकीच्या उजेडात धरत, हळूच हलवत, तळाशी बसलेला गाळ पाहत आणि मग कागदावर नुस्खा लिहीत. या बाटलीला ते ‘कारुरा’ म्हणत. शब्द मुळात बाटलीचा, पण पुढे आतल्या वस्तूलाही तोच चिकटला. उर्दूत दोन माणसांचं फार जमलं की त्यांचा कारुरा जुळला असं म्हणतात. मराठीत आपण गूळपीठ म्हणतो. आपलं बरं आहे!

मूत्रपिंडाला आमच्या घरात ‘गुर्दा’ म्हणतात. धाडस दाखवणाऱ्या माणसाबद्दल बोलताना, याला ‘दिल-गुर्दा’ आहे, असं म्हणायची पद्धत आहे. हृदयाच्या शेजारी मूत्रपिंडाला मानानं बसवणारी भाषा मला आवडते. मात्र कवी म्हणून मी हृदयावर शेकडो ओळी लिहिल्या, मूत्रपिंडावर एकही नाही. त्याच्याकडे माझं लक्ष गेलं ते फार उशिरा आणि वाईट कारणानं.

माझे मावसभाऊ, आम्ही त्यांना भाईजान म्हणायचो, त्यांची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. २०१८ साली रमजान ऐन मे महिन्यात आला होता. भाईजाननी आयुष्यात कधी रोजा चुकवला नव्हता. डॉक्टरांनी स्पष्ट नाही म्हणून सांगितलं. आजारी माणसाला रोज्याची सक्ती नाही, एका रोज्याच्या बदल्यात एका गरजूला जेवू घालावं, त्याला फिदिया म्हणतात. भाईजान तो देत होते, पण मनातून खट्टू होते. डायलिसिसला मी त्यांच्याबरोबर जात असे. एकदा त्या यंत्राकडे बघत ते मला म्हणाले, “अरे, हे कपाटाएवढं मशीन. चार तास घरघरतं. आणि त्याला माझ्या मुठीएवढ्या गुर्द्याचं काम जमत नाही. असं काय करत होता रे तो?”

मी बी.ए. झालेला माणूस. विज्ञानाशी माझा संबंध दहावीला सुटला. तेव्हा मी हसून वेळ मारून नेली, पण प्रश्न डोक्यात राहिला. मी वाचत गेलो, जाणकारांना विचारत गेलो. हे उत्तर शोधायला माणसाला किती काळ लागला, त्याची गोष्ट आज सांगणार आहे.

सुरुवात करू या दुसऱ्या शतकातल्या गॅलनपासून. आशिया मायनरमधल्या पर्गममचा हा ग्रीक वैद्य रोममध्ये नावारूपाला आला. लघवी मूत्रपिंडात तयार होते ही गोष्ट त्या काळी सर्वमान्य नव्हती. आस्क्लेपिआडीज नावाच्या वैद्याचं मत असं, की प्यायलेलं पाणी वाफ होऊन थेट मूत्राशयात जातं आणि तिथे पुन्हा पाणी होतं. गॅलननं जिवंत जनावरावर प्रयोग केला. मूत्रपिंडाकडून मूत्राशयाकडे येणाऱ्या दोन्ही नळ्या दोऱ्यानं बांधल्या. मूत्राशय रिकामं राहिलं आणि गाठीच्या वर नळ्या टरारून फुगल्या. दोरा सोडताच मूत्राशय भरलं. या नळ्या कुठून कुठे जातात हे तर कसायालाही ठाऊक असतं, असा टोलाही त्यानं विरोधकांना हाणला.

आमच्याकडे बकरी ईदला गुर्दा-कलेजी आली की अम्मी गुर्दा उभा चिरायची. आत दोन रंग दिसायचे. बाहेरची कड गडद तांबूस, आतला भाग जरा फिकट, टोकाशी निमुळता झालेला. हे दोन रंग ध्यानात ठेवा. या गोष्टीत पुढे त्यांचं काम पडणार आहे.

गॅलननंतर पंधराशे वर्षं वैद्यांनी मूत्रपिंडापेक्षा मूत्राकडेच जास्त पाहिलं. आपल्या सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे वीस प्रकार सांगितले आहेत, त्यांत मधुमेहही आहे. इकडे नवव्या शतकात बगदादमध्ये हुनैन इब्न इसहाक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी गॅलनचे ग्रंथ अरबीत आणले. दहाव्या शतकात आजच्या ट्युनिशियातल्या कैरवानमध्ये इसहाक अल-इस्राईली या यहुदी वैद्यानं मूत्रपरीक्षेवर ग्रंथ लिहिला, तो लॅटिनमध्ये जाऊन युरोपात शतकानुशतकं वाचला गेला. इब्न सीनाच्या ‘अल-कानून’मध्येही रंग, वास, दाटपणा, गाळ असा सगळा तपशील आहे. आमचे हकीमसाहेब खिडकीशी उभे राहून जे करत होते, त्याची परंपरा अशी हजार वर्षांची आणि अनेक धर्मांच्या माणसांनी मिळून सांभाळलेली होती. पण हे पाणी आत बनतं कसं, याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं.

सतराव्या शतकात इटलीत दार किलकिलं झालं. १६६२ मध्ये लोरेंझो बेलिनी नावाच्या एकोणीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं मूत्रपिंडावर छोटं पुस्तक लिहिलं. तोपर्यंत मूत्रपिंडाचा गर भरीव समजत. बेलिनीनं दाखवलं की तो बारीक नळ्यांचा बनलेला आहे. आतलं निमुळतं टोक दाबलं की त्यातून पाणी झिरपतं. त्यानं ते जिभेला लावून पाहिलं, खारट लागलं! चारच वर्षांनी, १६६६ मध्ये, मार्चेल्लो माल्पिघीनं मूत्रपिंडाच्या रोहिणीत काळा रंग भरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. बाहेरच्या तांबूस कडेत त्याला असंख्य बारीक गोळे दिसले, फांदीला सफरचंदं लटकावीत तसे. आज आपण जाणतो की हा प्रत्येक गोळा म्हणजे केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचा गुच्छ असतो आणि एका मूत्रपिंडात असे सुमारे दहा लाख गुच्छ असतात.

गुच्छही सापडले, नळ्याही सापडल्या. त्यांचा एकमेकांशी संबंध काय, हे कळायला आणखी पावणेदोनशे वर्षं गेली. १८४२ मध्ये लंडनच्या विल्यम बोमननं दाखवून दिलं की नळीचं एक टोक पेल्यासारखं रुंद होऊन त्या गुच्छाला कवेत घेतं. गुच्छ आणि नळी मिळून एक घटक. यालाच पुढे नेफ्रॉन हे नाव पडलं. बोमनचा अंदाज असा की गुच्छातून नुसतं पाणी येत असावं, टाकाऊ द्रव्यं नळीच्या भिंती बाहेर टाकत असाव्यात आणि पाणी ती धुऊन नेत असावं.

योगायोग असा की त्याच १८४२ साली जर्मनीत मारबुर्गला कार्ल लुडविगनं वेगळाच विचार मांडला. दोघंही १८१६ सालचे, पंचविशीतले तरुण. लुडविगला पदार्थविज्ञानाची ओढ. तो म्हणाला, गुच्छ ही निव्वळ गाळणी आहे. रक्ताच्या दाबानं रक्तातलं पाणी आणि त्यात विरघळलेलं सगळंच गाळून नळीत येतं. मीठ येतं, साखर येते, युरिया येतो. रक्तपेशी आणि प्रथिनं तेवढी मोठी, म्हणून मागे राहतात. मग वाटेत नळीतून बरंचसं पाणी रक्तात परत जातं आणि उरतं ती लघवी.

लुडविगच्या म्हणण्याचा अर्थ नीट पाहा. आपली समजूत अशी, की मूत्रपिंड रक्तातली घाण वेचून बाहेर फेकतं. लुडविग उलटं सांगत होता. मूत्रपिंड घाण वेचत नाही. ते आधी चांगलं-वाईट सगळंच बाहेर काढतं आणि मग आपल्या कामाचं वेचून परत घेतं. घरातली अडगळ काढायची म्हणून कुणी घरातलं सगळं सामान अंगणात मांडावं आणि हवं तेवढं उचलून आत न्यावं, तसा हा प्रकार.

साहजिकच हे अनेकांना पटलं नाही. सर्वांत मोठा विरोधक ब्रेस्लाऊचा रुडॉल्फ हायडेनहाइन, अतिशय कसलेला प्रयोगकर्ता. १८७४ मध्ये त्यानं प्राण्यांच्या रक्तात निळा रंग सोडला आणि दाखवलं की तो गुच्छांपाशी नव्हे, नळ्यांच्या भिंतींत जमतो. म्हणजे नळ्या स्वतः द्रव्यं बाहेर टाकतात. पुढे १८८३ मध्ये त्यानं एक हिशेब मांडला. माणूस रोज जेवढा युरिया बाहेर टाकतो, तेवढा नुसत्या गाळण्यानं यायचा तर दिवसाला सुमारे ७० लिटर पाणी गाळलं जायला हवं आणि त्यातलं जवळजवळ सगळं परत शोषलं जायला हवं. दीड-दोन लिटर लघवीसाठी ७० लिटरचा खटाटोप! हायडेनहाइनच्या मते ही गोष्ट इतकी अशक्य होती की लुडविगची कल्पना निकालात काढायला एवढा हिशेब पुरेसा होता. त्या काळातल्या अनेकांना तसंच वाटलं.

आज आपल्याला खरा आकडा माहीत आहे. तो ७० लिटर नाही. १८० लिटर आहे.

निरोगी तरुण माणसाची दोन्ही मूत्रपिंडं मिळून दिवसाला १८० लिटरच्या आसपास पाणी गाळतात. पंधरा लिटरच्या बारा घागरी. त्या पाण्यातून दीड किलोच्या आसपास मीठ आणि १८० ग्रॅम साखर नळ्यांत उतरते. लघवी होते दीड लिटर, मीठ जातं काही ग्रॅम, साखर तर निरोगी माणसात जवळजवळ जातच नाही. बाकी सगळं परत. अंगातला रक्तद्रव सुमारे तीन लिटर, म्हणजे तो दिवसातून साठ वेळा गाळला जातो. हायडेनहाइनचा हिशेब चुकला नव्हता, उलट कमीच पडला होता. चुकला तो निष्कर्ष. आपल्याला उधळपट्टी वाटते म्हणून निसर्ग तसं करणार नाही, असं त्यानं गृहीत धरलं.

पण हायडेनहाइनला मूर्ख ठरवून पुढे जाणं अन्यायाचं होईल. त्याचा निळा रंग खोटं बोलत नव्हता. १९२३ मध्ये अमेरिकेत ई. के. मार्शल यांनी दुसऱ्या एका रंगद्रव्यावरून दाखवलं की काही द्रव्यं नळ्या खरोखरच स्वतः बाहेर टाकतात. पेनिसिलिन त्यांतलंच. १९४१ मध्ये ऑक्सफर्डला पहिल्या रुग्णांना पेनिसिलिन दिलं, तेव्हा मूत्रपिंड ते इतक्या झपाट्यानं बाहेर टाकत होतं आणि औषध इतकं दुर्मीळ होतं, की रुग्णाची लघवी गोळा करून त्यातून पेनिसिलिन पुन्हा वेगळं काढत आणि पुन्हा टोचत.

गाळणीचा पुरावा मात्र हवा होता. १८९९ मध्ये लंडनच्या अर्नेस्ट स्टार्लिंगनं रक्तातली प्रथिनं पाणी किती जोरानं धरून ठेवतात ते मोजलं आणि दाखवलं की रक्ताचा दाब त्याहून जास्त आहे, म्हणजे गाळणं शक्य आहे. प्रत्यक्ष पुरावा दिला बेडकानं. १९२४ मध्ये फिलाडेल्फियाच्या ए. एन. रिचर्ड्‌स आणि जोसेफ वर्न यांनी बेडकाच्या मूत्रपिंडातल्या एका गुच्छाच्या पेल्यात केसाहून बारीक नळी खुपसून तिथला सूक्ष्म थेंब ओढून घेतला. त्या थेंबात साखर होती, प्रथिनं नव्हती. त्याच बेडकाच्या मूत्राशयातल्या लघवीत साखर नव्हती. म्हणजे साखर आधी गाळली गेली आणि वाटेत परत घेतली गेली. बोमन आणि लुडविग यांच्यानंतर ८२ वर्षांनी एका थेंबानं निकाल दिला.

पण नुसतं गाळून भागत नाही. गाळण्याचा वेग सांभाळावा लागतो. रक्ताचा दाब दिवसभर वरखाली होत असतो. जिना चढलात, वाढला, झोपलात, उतरला. त्याबरोबर गाळण्याचा वेगही भडकला तर नळ्यांना परत घ्यायला सवड मिळणार नाही आणि शरीर काही तासांत कोरडं पडेल. मग हे सांभाळतं कोण?

शेताला पाणी देताना दारं धरतात, ते तुम्ही पाहिलं असेल. सरीच्या शेवटाला पाणी पोचलं की तिथला माणूस ओरडतो आणि इकडचा दार वळवतो. नेफ्रॉनमध्ये हेच चालतं. १८८९ मध्ये इटलीच्या कामिल्लो गोल्जीच्या लक्षात आलं की प्रत्येक नळी लांब फेरफटका मारून पुन्हा आपल्याच गुच्छाच्या दाराशी येऊन चिकटते. तिथे नळीच्या पेशी वाहत्या पाण्यातलं मीठ चाखतात. मीठ जास्त आलं, म्हणजे पाणी फार वेगानं आलं; मग गुच्छात रक्त आणणारी वाहिनी आकसते आणि गाळणं मंदावतं. मीठ कमी आलं तर वाहिनी सैल पडते आणि त्याच जागेतून ‘रेनिन’ नावाचं द्रव्य रक्तात सुटतं, जे शेवटी सगळ्या शरीराचा रक्तदाब चढवतं. रेनिन शोधलं होतं १८९८ मध्ये स्टॉकहोमला रॉबर्ट टायगरस्टेड आणि पेर बर्गमन यांनी, सशाच्या मूत्रपिंडातून. पुढची कित्येक वर्षं त्याकडे कुणी फारसं पाहिलं नाही. आणि नळीकडून दाराकडे जाणारा हा निरोप प्रयोगानं उलगडायला १९६०चं दशक उजाडावं लागलं. आज लाखो लोक रक्तदाबाच्या ज्या गोळ्या घेतात, त्यांतल्या कित्येक याच साखळीतली एखादी कडी अडवतात.

आता या गोष्टीतला मला सर्वांत आवडलेला भाग. मे महिन्यात आमच्याकडे ऊन त्रेचाळीस अंशांवर जातं. पहाटे साडेचारच्या सुमाराला सहरी संपते आणि सातला इफ्तार. साडेचौदा तास पाण्याचा थेंब नाही. दुपारनंतर लघवी थोडी होते, गडद होते. इफ्तारला तांब्याभर पाणी प्यालं की तासाभरात ती पाण्यासारखी स्वच्छ. माणसाचं मूत्रपिंड रक्तापेक्षा चौपट दाट लघवी बनवू शकतं आणि सहापट पातळही. हे कसं?

बेडकाला हे जमत नाही. त्याची लघवी रक्ताहून दाट कधीच होत नाही. हे फक्त सस्तन प्राण्यांना आणि पक्ष्यांना जमतं. १८६२ मध्ये गटिंगेनच्या याकोब हेन्लेला दिसलं की काही नळ्या तांबूस भागातून सरळ खाली फिकट भागात उतरतात, तिथे केसाच्या आकड्यासारखा वळसा घेतात आणि तशाच वर परत येतात. गुर्दा चिरल्यावर दिसणारा दुसरा रंग तो हाच. हा वळसा कशासाठी, हे हेन्लेला सांगता येईना. पुढे १९०९ मध्ये कार्ल पीटरनं निरनिराळे प्राणी तपासून पाहिलं की वळसा जितका लांब तितकी लघवी दाट. वाळवंटात राहणाऱ्या आणि पाणी जवळजवळ न पिणाऱ्या कांगारू-उंदराचा वळसा फार लांब असतो. पण का?

उत्तर सुचलं ते वैद्याला नाही, शरीरशास्त्रज्ञालाही नाही. बाझेलच्या वेर्नर कून या रसायनशास्त्रज्ञानं १९४२ मध्ये म्हटलं, एकमेकींना खेटून उलट दिशांनी वाहणाऱ्या दोन नळ्या असल्या, की प्रत्येक पातळीवरचा छोटा फरक वळशापर्यंत जाता जाता साठत जाऊन मोठा होतो. वर जाणारी नळी मीठ बाहेर ढकलते, पण पाणी सोडत नाही. बाहेर मीठ वाढलं की खाली येणाऱ्या नळीतलं पाणी तिकडे ओढलं जातं आणि आतला द्रव दाट होतो. तोच दाट द्रव वळसा घेऊन वर जाणाऱ्या नळीत येतो आणि ती त्यातून पुन्हा मीठ ढकलते. प्रत्येक फेरीत भर पडते. थेंबे थेंबे तळे साचे, तसं. आणि मिठाचं हे तळं आतल्या टोकाशी सर्वांत गहिरं असतं.

कूनच्या या लेखाकडे जवळपास कुणीच लक्ष दिलं नाही. १९५१ मध्ये बाझेलच्याच हाइनरिख विर्त्स यांनी कून आणि हारगिताय यांच्यासह उंदराच्या गोठवलेल्या मूत्रपिंडाचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली हळूहळू वितळवले. मीठ जास्त तिथलं बर्फ आधी वितळतं. आणि टोकाकडचं बर्फ खरोखरच आधी वितळत गेलं. तरीही त्या काळातले मूत्रपिंडाचे सर्वांत मोठे जाणकार, न्यूयॉर्कचे होमर स्मिथ, साशंकच राहिले. मग १९५९ मध्ये नॉर्थ कॅरोलिनाच्या कार्ल गॉट्‌शॉक आणि मार्गारेट मिले यांनी जिवंत प्राण्याच्या नळ्यांतून थेंब काढून मोजले आणि त्यांत कूनचं म्हणणं खरं ठरलं. स्मिथ यांनी त्याच वर्षी आपलं मत जाहीरपणे बदललं. एवढ्या मोठ्या माणसानं उतारवयात मत बदलणं, हेही दिल-गुर्द्याचंच काम.

आपल्यापैकी अनेकांच्या घरात पायावरची सूज उतरवायला किंवा छातीत पाणी झालं म्हणून लॅसिक्सची गोळी आलेली असते. ती गोळी वर जाणाऱ्या नळीतला हाच मिठाचा पंप अडवते. तळं ओसरतं, पाणी परत घेता येत नाही आणि लघवीवाटे निघून जातं.

पण तळं कायम असून लघवी कधी दाट, कधी पातळ कशी? त्यासाठी मेंदूकडून हुकूम येतो. लघवी वाहून नेणारी शेवटची नळी त्या खारट तळ्यातूनच जाते. तिच्या भिंतीतून पाणी बाहेर जाऊ द्यायचं की नाही, हे पीयूषिका ग्रंथीतून येणारं संप्रेरक ठरवतं. केंब्रिजचे ई. बी. व्हर्नी यांनी १९४७ मध्ये कुत्र्यांवरील प्रयोगांतून दाखवलं की मेंदूकडे जाणाऱ्या रक्तात मीठ किंचित वाढलं तरी हे संप्रेरक सुटतं. एक-दोन टक्क्यांचा फरकही मेंदूला पुरतो. हे संप्रेरक मुळीच नसेल तर माणूस दिवसाला पंधरा-वीस लिटरपर्यंत लघवी करतो.

आणि पाणी भिंतीतून जातं ते कुठून? ही वाट सापडायला १९९२ साल उजाडलं. शोधणाऱ्याचं नाव पीटर आग्रे. नाव आपल्याकडचं वाटेल, पण गृहस्थ अमेरिकेतल्या मिनेसोटाचे. रक्तगटाशी संबंधित प्रथिन शोधताना त्यांना तांबड्या पेशींत एक अनोळखी प्रथिन सापडलं होतं, मूत्रपिंडाच्या नळ्यांतही ते होतं. त्याची कृती त्यांनी बेडकाच्या अंड्यात घातली आणि अंडं साध्या पाण्यात ठेवलं. एरवी मजेत राहणारं अंडं फुगून फुटलं. ते प्रथिन म्हणजे पाण्याचं दार होतं. पुन्हा बेडूकच साक्षीला! आग्रे यांना २००३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं. तहान लागली की संप्रेरकाच्या हुकमानं त्याच जातीची दारं शेवटच्या नळीच्या भिंतीत येऊन बसतात आणि पाणी प्यालं की आत खेचली जातात.

आता भाईजानच्या प्रश्नाकडे येतो. डायलिसिसचं व्यवहारात उपयोगी पडलेलं पहिलं यंत्र बनवलं विलेम कोल्फ या डच डॉक्टरानं, १९४३ मध्ये, हॉलंड जर्मनांच्या ताब्यात असताना. काम्पेन नावाच्या छोट्या गावी त्यानं सॉसेज भरायची सेलोफेनची नळी लाकडी पिंपाला गुंडाळली आणि तिच्यातून रक्त फिरवलं. सुरुवातीचे बहुतेक रुग्ण दगावले. १९४५ मध्ये ६७ वर्षांची एक बाई वाचली. त्या सेलोफेनच्या वंशातल्या यंत्रानं आजवर अगणित माणसं जगवली आहेत. भाईजाननाही त्यानंच सहा वर्षं दिली. त्या यंत्राला नावं ठेवण्याचा कुणालाही अधिकार नाही.

पण ते यंत्र लुडविगच्या कल्पनेचा अर्धाच भाग करतं. ते गाळतं. परत काय घ्यायचं, किती घ्यायचं, हे त्याला कळत नाही. म्हणून यंत्रातल्या पाण्यात मीठ किती, पोटॅशियम किती, हे माणसांनी आधीच ठरवून दिलेलं असतं. अंगातून पाणी किती काढायचं, ते वजनकाट्यावर उभं करून ठरतं. आणि दोन डायलिसिसच्या मधले दिवस रुग्णानं स्वतःच स्वतःचं मूत्रपिंड व्हायचं असतं. भाईजानकडे स्टीलचं एक छोटं माप होतं. दिवसभरात किती पाणी, ते त्यातून. औषधाबरोबरचा घोटही त्यातच मोजलेला. केळं नको, नारळपाणी नको, लोणचं नको. जे काम वीस लाख नेफ्रॉन न सांगता, झोपेतसुद्धा, दर मिनिटाला करत होते, ते साठी उलटलेला एक माणूस मापानं करू पाहत होता.

“असं काय करत होता रे तो?” भाईजान, तो घाण काढत नव्हता. घाण काढणं त्यातला सोपा भाग. तो रोज सगळं पणाला लावत होता आणि तुमच्या उपयोगाचं तेवढं मोजून परत आणत होता.

हे उत्तर मला त्यांना देता आलं नाही. २०२१ मध्ये ते गेले तेव्हा माझं वाचन अर्ध्यावर होतं. मधुमेह आणि रक्तदाब ही मूत्रपिंड बिघडण्याची दोन मोठी कारणं. भाईजानना दोन्ही होते आणि बरीच वर्षं दोन्हींकडे काणाडोळा झाला होता. मूत्रपिंड तक्रार करत नाही. बरंच बिघडेपर्यंत उरलेले नेफ्रॉन मेलेल्यांचं काम ओढत राहतात. रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रथिन तपासायला फार खर्च येत नाही. लघवीची बाटली घेऊन जाण्याची लाज मला लहानपणी वाटायची. आता वाटत नाही, तुम्हीही वाटू देऊ नका. आणि ज्यांचं मूत्रपिंड आधीच कमजोर आहे, त्यांनी उपवास असो की रोजा, डॉक्टरांना विचारल्याशिवाय धरू नये.

२०१८ च्या त्या रमजानमधली एक संध्याकाळ आठवते. भाईजाननी आम्हा सगळ्यांना इफ्तारला बोलावलं होतं. अजान झाली. आम्ही खजूर तोंडात टाकले. भाईजाननी आपलं स्टीलचं माप घेतलं, अर्धं भरलं आणि दोन घोटांत संपवलं. मी शेजारीच बसलो होतो. मी ग्लासावर ग्लास पाणी प्यालो. किती, ते मोजलं नाही. मला मोजायची गरज नव्हती.